‘वांधो नहीं’ तोंडातून निघायच्या आधीची दोन मिनिटं

मी बडोद्याची, रावपुऱ्यात घरीच नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि गेली कित्येक वर्षं माझ्या तोंडात सगळ्यात जास्त असलेलं वाक्य गणितातलं नव्हतं, गुजरातीतलं होतं. ‘वांधो नहीं’, म्हणजे काही हरकत नाही. पालक दारात उभे राहून म्हणणार, ‘बेन, फी आवता महिने आपी दईश’ (फी पुढच्या महिन्यात देते), आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं ‘वांधो नहीं, वांधो नहीं’, वर हसू, वर ‘चहा टाकू का’. दार लागलं की स्वतःचा राग यायचा आणि तो मग नवऱ्यावर नाहीतर कणकेवर निघायचा. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी वही काढून बसले तर २१,००० रुपये बाकी. दोघा भावंडांचे चार-चार महिने म्हणजे १२,०००, आणि अजून तिघांचे दोन-दोन महिने म्हणजे ९,०००. महिन्याला १,५०० फी घेणाऱ्या बाईचे २१,००० लोकांकडे, आणि ही बाई मुलांना नफा-तोटा शिकवते!

बरं, कळत नव्हतं असं नाही. कळतं पण वळत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण का वळत नाही ते कुणी बसून सांगत नाही. मला ते वाचून, थोडं एका समुपदेशक बाईंकडे जाऊन आणि बरंचसं आपटून कळलं. ‘फी द्या’ म्हणायच्या आधी गळ्यात काहीतरी दाटून यायचं, जेमतेम दीड-दोन मिनिटं, आणि मी त्या दोन मिनिटांपासून पळत होते. पैसे, पालक, माझा स्वभाव, ही सगळी नंतरची बोलणी. खाली मी जे केलं ते क्रमानं लिहितेय. तुमचा ‘वांधो नहीं’ वेगळा असेल, कुणी फोन उचलत नाही, कुणी अभ्यासाच्या वेळी कपाट आवरतं, कुणी चांगलं चाललेलं असताना भांडण उकरून काढतं, तुमचं तुम्ही घालून बघा.

आधी एक अट

हे रोजच्या टाळाटाळीसाठी आहे. घरात मारहाण होतेय, साहेब घाणेरडं बोलतोय, तर तिथे जी अस्वस्थता वाटते ती बरोबरच सांगतेय, ती सोसायला शिकू नका, तिथून निघायचं बघा, माणसं जोडून घ्या. आणि दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, जगणंच नको वाटतंय असं असेल तर वही-बिही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा, ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही लागते आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं.

१. दहा दिवस नुसती वही, सुधारणा बंद

एक साधी शंभर पानी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की आपण दुसरीकडेच जातो. पाच रकाने पाडा. काय झालं, अंगात काय झालं, मी काय केलं, लगेच काय मिळालं, नंतर काय गेलं. माझी पहिली ओळ अशी होती: ‘पालक म्हणाले पुढच्या महिन्यात / गळा दाटला, कान गरम / वांधो नहीं म्हणलं आणि हसले / गळा मोकळा झाला / १,५०० आणि झोप’.

या दहा दिवसांत वागणं बदलायचं नाही, जसं चाललंय तसंच चालू द्यायचं, फक्त लिहायचं. हे ऐकायला विचित्र वाटतं, मला पण वाटलं, पण आपण पहिल्याच दिवशी सुधारायला जातो, तिसऱ्या दिवशी फसतो आणि चौथ्या दिवशी वही फेकतो, आणि पॅटर्न काय होता ते बघायचं राहूनच जातं. रात्री झोपताना लिहिलं तर आपण गोष्ट रंगवून लिहितो, म्हणून झाल्या-झाल्या, भाजीच्या पिशवीवर लिहावं लागलं तरी चालेल.

सहाव्या-सातव्या दिवशी एकच ओळ पुन्हा पुन्हा यायला लागते, माणसं बदलतात पण मधले तीन रकाने तेच राहतात. माझ्या वहीत पालक होते, शेजारची मासी होती, रिक्षावाला होता, आणि प्रत्येक ठिकाणी गळा दाटणं आणि हसणं. तेव्हा कळलं की हा फीचा प्रश्नच नाहीये, आपलं हक्काचं काहीही मागायचा प्रश्न आहे.

आपल्या म्हणींनी असे पॅटर्न आधीच पकडून ठेवलेत बरं का. माझा भाचा इथे युनिव्हर्सिटीत शिकतो, प्रोजेक्ट शेवटच्या रात्रीपर्यंत हात लावत नाही आणि मग म्हणतो एका रात्रीत एवढं केलं, वेळ असता तर बघितलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कमी मार्क पडले तर वेळ नव्हता, जास्त पडले तर पोरगा हुशार, दोन्हीकडून बचाव. नाचता येईना अंगण वाकडं ही त्याचीच बहीण, फक्त काही लोक अंगण आधीच स्वतः वाकडं करून ठेवतात. बर्ग्लास आणि जोन्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना कोडी घातली, काहींची कोडी सुटण्यासारखी नव्हतीच, पण सगळ्यांना सांगितलं की मस्त जमलं. मग दुसऱ्या परीक्षेआधी दोन औषधांतून एक निवडायला दिलं, एक म्हणे डोकं तल्लख करणारं, एक डोकं मंद करणारं. आपण कसे पास झालो तेच ज्यांना कळलं नव्हतं त्यातल्या बऱ्याच मुलांनी (मुलींमध्ये हे इतकं दिसलं नाही) मंद करणारं मागून घेतलं, म्हणजे नापास झालो तर औषधाचं नाव. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला मावशी, ते औषध माझ्याकडे आधीच आहे, त्याला रील्स म्हणतात.

२. चौथा रकाना नीट वाचा

‘लगेच काय मिळालं’ या रकान्यात सगळी गोम आहे. माझ्याकडे दहा दिवसांत एकोणीस ओळी होत्या आणि त्यातल्या सतरांमध्ये या रकान्यात एकच शब्द होता, सुटका. आपण म्हणतो मी स्वतःचं नुकसान का करून घेते, पण त्या क्षणी नुकसान होतच नाही ना, त्या क्षणी बक्षीस मिळतं. गळा मोकळा होतो. मेंदूला तेवढंच कळतं की हे केलं आणि बरं वाटलं, पुढच्या वेळी तो तेच अजून लवकर करतो, आणि टाळलेली गोष्ट प्रत्यक्षात किती भयंकर होती ते तपासायची वेळ कधीच येत नाही, त्यामुळे भीती जशीच्या तशी, ताजी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तर आपण दर वेळी पळालो म्हणूनच तो पाठीमागे आहे.

त्यामुळे ‘मी आळशी’, ‘माझा स्वभावच भिडस्त’ असले शिक्के वहीत लिहू नका. आलेच तर खोडा. त्यातून पुढे काय करायचं ते काहीच हाती लागत नाही.

एक तपासणी मात्र इथेच करून घ्या. माझ्याकडे एक मुलगी आहे, तिच्या घरची परिस्थिती मला माहिती आहे, तिच्याकडून मी फी घेत नाही. ते मी बसून, विचार करून ठरवलंय, तिच्या आईसमोर माझा गळा दाटत नाही. बाकीच्यांना मी सूट दिली नव्हती, माझ्या तोंडातून ती निसटली होती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, चांगुलपणा. घाईत झालं का ठरवून झालं एवढंच विचारायचं, उत्तर अंग देतं.

३. ‘टेन्शन’ हा शब्द महिनाभर बंद

दुसऱ्या रकान्यात मी आधी सगळीकडे ‘टेन्शन’ लिहून ठेवलं होतं. समुपदेशक बाईंनी वही बघितली आणि विचारलं, हे सगळं टेन्शन एकसारखं आहे का हो? मी हो म्हणाले आणि मग घरी येऊन रात्री अकरापर्यंत त्याच वहीत बसले कारण ते एकसारखं नव्हतं.

आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत आणि आपण सगळे एका टेन्शनमध्ये कोंबतो. परीक्षेच्या निकालाआधी असते ती धाकधूक. साहेबांचा फोन येईल म्हणून दिवसभर असते ती धास्ती. बोलायचं ते बोललो नाही म्हणून नंतर लागून राहते ती चुटपुट, आणि तीच वर्षानुवर्षं मुरली की रुखरुख. हे करू का ते करू म्हणून आत ढवळतं ती घालमेल. चारचौघात आपलंच काहीतरी चुकलं की ओशाळतो, आणि ज्या घरात आपण नकोसे झालोय असं वाटतं तिथे बसलं की कानकोंडं होतं. आता बघा, धास्तीवरचा उपाय आणि चुटपुटीवरचा उपाय एक कसा असेल? धास्तीला जाऊन बघावं लागतं, चुटपुटीला राहिलेलं वाक्य बोलावं लागतं, घालमेलीला एक काहीतरी ठरवून टाकावं लागतं.

माझं जे होतं ते निघालं ओशाळणं. म्हणजे भीती नाहीच, पालक मला काय करणार होते. पैसे मागितले की मी लहान होते, हलकी होते, असं काहीतरी. हे कुठून आलं ते पण मला माहिती आहे, आमच्याकडे आजोबा दांडिया बाजारात फुकट शिकवायचे आणि त्याचा घरात फार अभिमान होता, विद्या विकायची नाही वगैरे. अर्थात आजोबांना सरकारी पगार होता, हे कुणी सांगत नाही.

नुसतं नाव ठेवल्यानं काय होतं असं वाटेल. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. ज्या वेळी लोक त्या भावनेला शब्द लावत होते त्या वेळी मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी पेटलेला दिसला. घंटा बंद नाही झाली, कमी झाली. तेवढं पुष्कळ आहे.

तर करायचं असं, अंगात जे होईल ते जागेसकट लिहा (गळा, छातीच्या खाली, कानशिलं, पोटात गोळा, दाताखाली जबडा), आणि मग त्याला टेन्शन सोडून दुसरं नाव शोधा. नाव बरोबर लागलं की अंग जरा सैल पडतं.

४. दोन मिनिटं जागेवर

आता मुख्य काम. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, शेकड्यांनी, आणि ही नदी भर शहरातून वाहते. बाहेरगावचे पाहुणे काळ्या घोड्याजवळच्या पुलावर आले की गाडी थांबवायला लावतात, कठड्यावरून वाकून बघतात, आणि आम्ही त्याच पुलावरून रोज ऑफिस, शाळा, दूध सगळं करतो. आधी मगरी संपवा मग मी पूल ओलांडते असं बडोद्यात कुणी म्हणत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि मगरी वस्तीत शिरल्या तेव्हा मात्र कुणी शहाणा त्यांच्याजवळ उभा राहून श्वास मोजत बसला नाही, सरळ सुटका करणाऱ्यांना फोन. वरची अट त्या वस्तीत शिरलेल्या मगरीसाठी होती. ही पायरी पुलाखालच्या मगरीसाठी आहे, जी दिसते, भीतीही वाटते, आणि तुमच्यापर्यंत येत नाही.

पद्धत अगदी साधी आहे. टाळावंसं वाटलं की, म्हणजे बोट रील्सकडे गेलं, तोंडात वांधो नहीं आलं, भांडणाचं पहिलं वाक्य जिभेवर आलं की, दोन मिनिटांचा टायमर लावा. पाय जमिनीवर टेकवा. जिथे दाटलंय तिथे लक्ष न्या आणि बघा ते केवढं आहे, सुपारीएवढं का लिंबाएवढं, हलतंय का, गरम आहे का. श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. बास. शांत व्हायचा प्रयत्न करू नका, ‘मी घाबरत नाही’ असलं काही पुटपुटू नका. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, आणि घंट्या वाजतच राहिल्या, वर नंतर अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा या मुलांच्या डोक्यात ते पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त आलं. गळ्यातल्या गोळ्याला ‘जा’ म्हणलं की तो अस्वल होतो.

दोन मिनिटांनी टाळायचंच असेल तर टाळा. खरंच. सुरुवातीला एवढंच शिकायचंय की हे अंगात असताना मी मरत नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात मी आठपैकी सहा वेळा दोन मिनिटं बसून मग वांधो नहींच म्हणलं. (पालक दारात असताना टायमर कसा लावणार, तर नाही लावायचा, आधी फोनवरच्या गोष्टींवर सराव करायचा, मेसेज आला आणि उत्तर द्यायचंय अशा. तिथे वेळ आपल्या हातात असतो.)

५. शिडी

हे सगळ्यात कष्टाचं आणि इथेच लोक घाई करतात. जोसेफ वोल्पे नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मनोविकारतज्ज्ञानं अस्वस्थता शून्य ते शंभरमध्ये मोजायची पद्धत काढली होती, शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ. आपल्या पॅटर्नमध्ये आपण टाळतो अशा आठ-दहा गोष्टी काढा, प्रत्येकीला आकडा द्या आणि खालून वर लावा, हीच शिडी. माझ्या शिडीवर वीसला खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याकडून राहिलेले सुट्टे पाच रुपये मागणं होतं. तीसला सेव-उसळच्या गाडीवर रस्सा पुन्हा मागणं, हसाल, पण मी वर्षानुवर्षं कोरडा पाव खाल्लाय. चाळीसला शेजारच्या मासीकडे गेलेली आमची शिडी (खरीखुरी, लाकडाची) परत मागणं. पंचावन्नला साध्या स्वभावाच्या पालकांना फीचा मेसेज, सत्तरला तोच फोनवर, आणि नव्वदला त्या दोन भावंडांची आई, समोरासमोर. ही बाई दर उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, मला डबा भरून उंधियू पाठवते. तुम्हीच सांगा कसं मागणार!

खालून सुरू करा, आणि एक पायरी एकदा करून वर जाऊ नका, तीन-चारदा करा, वेगवेगळ्या माणसांबरोबर. प्रत्येक वेळी आधी लिहा काय होईल असं वाटतंय, नंतर लिहा काय झालं. हे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवले की त्यातच सगळं शिकणं आहे, आकडा खाली आला नाही तरी. माझं भाजीवाल्याचं भाकीत होतं, ‘म्हणेल बेन पाच रुपयांसाठी काय’. झालं काय, तर त्यानं न बघता पाच रुपये हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाईकाला कोथिंबीर दिली. मासीनं शिडी परत दिली आणि वर म्हणाली, अगं मला वाटलं तुम्हाला नकोय.

सगळी भाकितं खोटी ठरतील असं नाही हं. एका पालकांनी फीचा मेसेज बघून मुलाला दुसरीकडे घातलं. तो दिवस वाईट गेला. पण बाकी ३,००० होते ते देऊन गेले.

भाच्याची शिडी वेगळी झाली, त्याला वीसला होतं अर्धवट लिहिलेलं एक पान मित्राला दाखवणं आणि ऐंशीला तेच अर्धवट पान गाइडना पाठवणं, कारण त्याची मूठ उघडायची होती. आणि माझी एक मैत्रीण, जी दर वेळी सासूबाई यायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याशी भांडण काढते, तिच्या पहिल्या पायरीवर फक्त एवढंच होतं, ‘उद्या आई येणार म्हणून मला धास्ती वाटतेय’ हे वाक्य मोठ्यानं म्हणणं.

इथे एक चोरवाट असते, सांभाळा. ताकाला जाऊन भांडं लपवतो ना आपण, तसं. मी फीचा पहिला मेसेज केला तो असा, ‘सॉरी हं ताई, तुम्ही बिझी असाल, काही घाई नाही, जमेल तेव्हा, पण जरा फीचं बघता का, नाही जमलं तरी वांधो नहीं’, आणि पाठवून फोन बंद करून स्वयंपाकघरात. हे मागणं झालंच नाही. हात जोडणं, उगाच हसणं, तीन-तीन कारणं देणं, नवऱ्याला पुढे करणं, मेसेज पाठवून पळणं, सगळी भांडी लपवणंच. वहीत एक ओळ यासाठी ठेवा आणि पुढच्या वेळी एकच भांडं कमी करा. माझा चौथा मेसेज होता, ‘नमस्कार, जून-जुलैची फी ३,००० बाकी आहे. कधी देता ते कळवा.’ टाईप करायला चाळीस सेकंद आणि पाठवायला अकरा मिनिटं लागली.

६. ऐनवेळी विचार करायला ठेवू नका

गळा दाटला की डोकं चालत नाही, म्हणून वाक्य आधीच तयार पाहिजे. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, तो म्हणतो नुसतं ‘मी फी मागेन’ असं ठरवण्यापेक्षा ‘जर असं झालं तर मी असं करेन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. माझं जर-तर असं होतं: जर समोरून ‘आवता महिने’ आलं, तर मी श्वास सोडेन आणि ‘कई तारीखे?’ (कोणत्या तारखेला?) एवढंच विचारेन. दोन शब्द. त्यानंतर गप्प बसायचं, आणि हे गप्प बसणं म्हणजे खरी परीक्षा, कारण ती शांतता भरायला आपली जीभ वळवळत असते. मी बाथरूममध्ये आरशासमोर सराव केलाय, लाज काय.

उंधियूवाल्या ताई डिसेंबरमध्ये आल्या. मी म्हणलं चार महिन्यांची बाकी आहे, १२,०००. त्या म्हणाल्या हो बेन, आवता महिने. मी म्हणलं, ‘कई तारीखे?’ आणि गप्प. त्यांनी पदर सारखा केला, मी चौकटीवरचा रंग बघितला, बाहेर कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, ‘पांच तारीखे छ हजार, ने बाकीना उत्तरायण पछी.’ म्हणजे पाच तारखेला सहा हजार, बाकीचे संक्रांतीनंतर. तसेच दिले. आणि डबा यंदाही आला.

७. घसरलात तर

घसरणार. फेब्रुवारीत आमच्याकडे आजारपण होतं आणि मी एकाच आठवड्यात तीनदा वांधो नहीं म्हणून मोकळी झाले. जुनी सवय दमलेल्या दिवशी वर येते, झोप कमी, घरात कटकट, अशा वेळी. तेव्हा स्वतःला झोडपलं की त्या झोडपण्याची पण अस्वस्थता होते आणि तिच्यापासून पळायला आपण वहीच टाळायला लागतो, मी दोन आठवडे वही उघडली नव्हती. करायचं एवढंच, पाच रकाने भरा, शिडीवर दोन पायऱ्या खाली या आणि तिथून पुन्हा. मी परत सुट्ट्या पैशांपासून सुरू केलं.

सध्या माझ्या वहीत दुसरी शिडी आहे. दांडिया बाजारच्या घराच्या वाटणीवरून भावाशी साडेतीन वर्षं नीट बोलणं नाही, त्याचं नाव स्क्रीनवर आलं की मी फोन उलटा ठेवते. सगळ्यात वरच्या पायरीवर कागदपत्रं आहेत, पंच्याण्णव. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसता फोन, घराचा विषय न काढता, ‘काय चाललंय दादा’ एवढंच. रविवारी सकाळी दहाला करायचं ठरवलंय, तेव्हा तो चहा घेऊन गच्चीत बसतो. आकडा लिहिलाय साठ, शेजारी भाकीत लिहिलंय, ‘उचलणार नाही’.